झोपाळ्यावरचं वजन

गर्भार बायकांची वजनं करणं ही माझी नोकरी होती, हे मी कॉलेजात आपणहून कोणाला सांगत नाही. सांगितलं की मुली आधी हसतात आणि मग विचारतात, "तेवढंच?" तर हो, तेवढंच होतं. इंटर सायन्सनंतर घरच्या अडचणीमुळे मला शिक्षण थांबवावं लागलं. पुन्हा वर्गात येऊन बसेपर्यंत मधली तीन वर्षं मी भोर आणि वेल्हे भागात एक स्प्रिंगचा काटा पिशवीत घालून हिंडत होते. दिवाळी अंकात अनुभव लिहिणारी माणसं जन्मभर नोकरी करून निवृत्त झालेली असतात. त्यांच्या पंक्तीत मी बसावं की नाही, याबद्दल मला अजून शंका आहे. म्हणून सगळ्या नोकरीचं न लिहिता मुख्यतः एका बाईचं लिहिते. तिचं नाव इथे हौसा ठेवते.

माझे वडील मेंढरं राखतात. भोरच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वाडी आहे. वाडीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, मुलगे आणि मुली दोन्ही धरून. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे जी चूक झाली तिच्याशी या वाडीचा संबंध आहे.

पुण्यात एका प्रसूतिगृहात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना आम्ही नुसतं बाई म्हणत असू. गरोदरपणात काही बायकांना एकाएकी सूज येते, रक्तदाब चढतो आणि लघवीतून अंगातलं सत्त्व जायला लागतं. मग एखाद्या दिवशी डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि झटके सुरू होतात. गावाकडे याला आकडी म्हणत, नाहीतर बाहेरचं काही झालं म्हणून देवऋष्याला बोलावत. बाईंकडे आमच्या भागातल्या बायका यायच्या त्या झटके सुरू झाल्यावर, बैलगाडीतून. तेव्हा हाती फार काही उरलेलं नसे.

बाईंना दोन गोष्टी शोधून काढायच्या होत्या. जी बाई मुळातच अंगानं जाड आहे तिला हा रोग जास्त होतो का, ही एक. आणि जाड बाईला सूज आली तर ती वेळेवर ओळखायची कशी, ही दुसरी. बारीक बाई सुजली तर शेजारणीलाही कळतं. जाड बाई सुजली तर सगळे म्हणतात, बाळंतपण मानवलंय. बाईंनी मला पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच. चरबी हळूहळू चढते, पाणी झपाट्यानं भरतं. त्यामुळे एकदा वजन करून काही समजत नाही. तीच बाई, तोच काटा, पुन्हा पुन्हा.

रक्तदाबाचं यंत्र एकच होतं आणि ते बाईंजवळ असे. त्या महिन्यातून एकदा जीपनं विंझरला येत आणि शाळेच्या पडवीत बसत. मधल्या दिवसांत गावोगाव मी. माझ्याकडे काटा, स्पिरिटचा दिवा, काचेच्या दोन नळ्या आणि एक बाटली. बाटलीत लघवी घ्यायची, नळीत तापवायची. दूध नासावं तशी ती पांढरी झाली तर घाबरायचं.

पण बाटलीत द्यायला कोणी तयार नसे. कोणाच्या हाती पडेल आणि कोण करणी करील, अशी भीती. वजनालाही नकारच होता. काटा तुळईला अडकवून खाली धोतराची झोळी बांधायची आणि बाईला तीत बसवायचं, अशी आमची पद्धत. झोळीतून आजारी माणूस नेतात, त्यामुळे झोळी बघितली की सासवा पुढे येत. "मानूस तोलत्यात व्हय? गूळ तोला, मिरची तोला." पारावरच्या म्हाताऱ्यांना तर मी करमणूकच होते. "काटेवाली आली. काय ताई, आज बोकडाचा भाव काय?" मला चटकन उत्तर सुचत नाही. घरी परतताना सुचतं.

शिवऱ्याला हौसाचं सासर होतं. सासऱ्यांचं सडकेवर भुसाराचं दुकान, समोर मालट्रक थांबायचे. सासूला सगळे सोनाकाकू म्हणत. हौसा मूळची पासलीची, डोंगरातली, भातावर वाढलेली. शिवऱ्याला येऊन तिला दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत सासरची सुबत्ता तिच्या दंडावर दिसायला लागली होती.

"लगीन होऊन आली तवा काडी हुती," सोनाकाकू मला म्हणाल्या. "वाऱ्यानं उडाली असती. आता बघा. शेजारीन इच्यारती, काय घालता सुनंला?"

मी भीत भीत म्हटलं की बाईंनी सांगितलंय, तूप-साखर जरा कमी, पापड-लोणचं बेतानं.

"पोटूशीला उपाशी ठिवू? गाव काय म्हनंल मला?"

"उपाशी नाही, काकू. फक्त खारट..."

"तुमच्या डाक्टरीनबाईस्नी लेकरं किती?"

"नाहीत."

"मंग ऱ्हाऊ द्या."

हौसा चुलीपाशी तोंडावर पदर घेऊन हसत होती. ती फार बोलायची नाही, पण तिचे खांदे हलायचे त्यावरून कळायचं.

झोळीत बसवायला सोनाकाकूंचा ठाम नकार होता. पण मी उठायला लागल्यावर त्यांनाच वाईट वाटलं असावं. म्हणाल्या, "अवो, सातवा लागला की आमी डोहाळजेवान करनारच. तवा हिला झोपाळ्यावर बसवतो. त्या झोपाळ्याला तुमचा काटा अडकवा की. तोलली असं कोन म्हनंल?"

मला वाटलं, सुटले. पाटाच्या चारी कोपऱ्यांना दोऱ्या, दोऱ्या वर एकत्र, त्या काट्याच्या आकड्यात, आणि काटा तुळईला. वजनाचं वजन आणि झोपाळ्याचा झोपाळा. मी हे पुण्याला जाऊन सांगितलं तर बाई खुर्चीत मागे टेकून मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, सगळीकडे असंच करू. पुढे खरोखरच सगळीकडे तसं केलं. झोळीला नाही म्हणणाऱ्या बायका पाटावर हौसेनं बसायच्या. विंझरची एक बाई तर वजनाचा दिवस नसला तरी दर खेपेला यायची आणि वजन झालं तरी उठायची नाही. "बसू द्या वाईच," म्हणायची. "हितं बसल्यावर सासू काम सांगत न्हाई."

हौसाच्या डोहाळजेवणाच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. काट्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या, आकडे दिसावेत म्हणून मी त्या बाजूला सारत होते. आत देवापुढे काहीतरी चाललं होतं. मग नवं हिरवं लुगडं, मनगटभर हिरवा चुडा अशी हौसा बाहेर आली आणि जपून पाटावर बसली. बायकांनी गाणी म्हणायला सुरुवात केली. मी स्टुलावर उभी राहून काट्याकडे बघत होते. काटा स्थिर झाला, आकडा मी लिहून घेतला. पहिल्याच खेपेला इतकं नीट वजन मिळालं याचा मला आनंद झाला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून हौसा पासलीला गेली. डोहाळजेवणानंतर तीन आठवड्यांनी मी तिच्यामागे तिथे गेले. भाद्रपद सरत आला होता, पाऊस उघडीप देत होता. वेल्ह्यापर्यंत एस.टी., पुढे खिंड चढून पायी. जीप तिथवर जाण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी पोचले आणि त्यांच्याच घरी मुक्काम केला. घरात हौसाचे आईवडील आणि थोरला भाऊ. हौसा दारात आली तेव्हा मला ती क्षणभर ओळखू आली नाही. पापण्या जड झाल्या होत्या, चेहरा गोल गरगरीत.

"बघा की," तिची आई म्हणाली. "सासरी अंग धरलं, आन म्हायेरच्या पान्यानं आनिक बाळसं आलं."

सकाळी मी हौसाचा हात हातात घेतला. चुडा हलत नव्हता. बांगड्यांच्या दोन्ही बाजूंना मांस वर आलं होतं, जशी दावणीची दोरी बैलाच्या मानेत रुतावी. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

आई म्हणाली, "आमच्या समद्यांच्या पायाला खड्डा पडतो, ताई. चार म्हैनं चिखलात असतो." तिनं स्वतःची पोटरी दाबून दाखवली. तिथेही थोडा पडला.

बाटलीचं विचारलं. "त्ये न्हाई द्यायाचं," एवढंच उत्तर.

आता काटाच राहिला. तुळईला अडकवला, पाट बांधला, हौसा बसली. आकडा शिवऱ्याचाच. एका पौंडाचाही फरक नाही.

माझी त्या वेळची अवस्था नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. बाईंचा नियम डोक्यात पक्का होता. पाणी भरलं तर वजन झपाट्यानं वाढतं. वजन वाढलेलं नाही, म्हणजे पाणी नाही. मग डोळ्यांना दिसतं ते काय? आमच्या मेंढरांना पावसाळ्यात जबड्याखाली पाणी उतरतं. वडील लांबून बघून म्हणतात, ही लठ्ठ न्हाई, ही गेली. हौसाच्या हनुवटीकडे बघताना मला सारखं तेच आठवत होतं, आणि तसं आठवल्याची लाज वाटत होती. मी काटा काढून पुन्हा लावला. हौसाला पुन्हा बसवलं. तोच आकडा.

"काय म्हनतोय काटा?" आईनं विचारलं.

"तेवढंच आहे. वाढलेलं नाही."

"मंग झालं तर. भाकर खाऊन घ्या."

हौसा पाटावरून उठली नव्हती. दोरीला डोकं टेकून बसली होती. म्हणाली, "ताई, काट्याला सांगा की माजं डोस्कं दुखतंय."

"कधीपासून?"

"परवाधरनं. उन्हाचं आसंल."

दोन दिवस ऊन नव्हतं. मी तिला हात देऊन उठवलं आणि दोऱ्या सोडायला लागले. गाठ सुटेना. तेव्हा हौसा आईकडे बघून म्हणाली, "पर हितला झोपाळा बरा हाय, आये. शिवऱ्याला लई रग लागली हुती. सासूबाईंनी ओटी येवढी भरली का मांड्या भरून आल्या."

मी गाठ धरून तशीच थांबले. "कसली ओटी?"

"डोहाळजेवनाची."

"झोपाळ्यावर बसलीस तेव्हा ती ओटीत होती?"

आई आणि मुलगी दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं, अशा. आई म्हणाली, "तर वं. भरल्या ओटीनंच बसायाचं असतं झोपाळ्यावर. तुमच्यात न्हाई व्हय?"

आमच्यात नाही. आमच्या वाडीत गर्भार बाई शेवटच्या दिवसापर्यंत मेंढरांमागे असते, तिच्यासाठी कोणी झोपाळा बांधत नाही. आणि बाई तर शहरातल्या. झोपाळ्याची युक्ती आम्ही सगळ्यांनी मिळून डोक्यावर घेतली, पण त्या झोपाळ्यावर बाई कशी बसते हे ज्यांना माहीत होतं त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नाही, आणि आम्हांला विचारण्यासारखं वाटलं नाही.

"काय काय होतं ओटीत?"

हौसा आठवून सांगायला लागली. दोन नारळ, मोठे. खण. हळकुंडं, सुपारी. आणि गहू. दुकानातला गहू, सासूबाईंनी स्वतः ओंजळीनं घातला, पाच ओंजळी, मग जावेनं पाच, मग नणंदेनं.

"काकी," मी आईला म्हटलं, "तशीच ओटी आत्ता भराल का? जशीच्या तशी?"

घरात गहू नव्हता, तांदूळ होता. नारळ नव्हते. हौसाच्या भावानं ओढ्यातून दोन गोटे आणले. हौसानं ते हातात तोलून बघितले, एक परत पाठवला, दुसरा आणवला. आईनं एका लुगड्यात तांदूळ ओंजळी-ओंजळीनं घातला. आम्ही ते गाठोडं काट्याला लावलं. वडील दारात येऊन उभे राहिले होते. काटा खाली आला, हलला, थांबला. दहा पौंडांना थोडा कमी.

आई काट्याकडे बघत राहिली. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण काटा किती खाली आला ते तिला दिसत होतं.

"म्हंजी शिवऱ्याला येवढं पोरीचं नव्हतं," ती सावकाश म्हणाली. "आन आता पोरीचं हाय."

"हो."

"तीन आठवड्यात येवढं? जेवती तर न्हाई धड."

"म्हणूनच मला भीती वाटते. हिला आजच बाईंकडे न्यायला पाहिजे. आज त्या विंझरला आहेत. उद्या नसतील."

वडील म्हणाले, "पितरांचा पंधरवडा चालू हाय. गर्भारशीला खिंड वलांडून न्यायाची न्हाई. आन तिच्या सासरच्यास्नी इच्यारल्याबिगर?" मग माझ्याकडे वळले. "तुमी डाक्टर हाय का?"

"नाही," मी म्हटलं.

आईनं गाठोडं सोडलं. गोटे उंबऱ्याबाहेर ठेवले, तांदूळ पुन्हा कणगीत ओतला, लुगडं झटकलं. मग म्हणाली, "माजी मावशी आशीच आकडीनं गेली. पंधरवडा नव्हता तवा. घोंगडं काढा."

झोळी नको म्हणून झोपाळा आला होता, आणि अखेर झोळीच करावी लागली. घोंगडं, वेळू, आळीपाळीनं खांदा द्यायला चार माणसं. भाऊ पुढे, आई मागे झपझप चालत होती. मी हौसाच्या डोक्याकडे. फडकं गुंडाळलेला चमचा मी हातातच धरला होता. झटका आला तर दातांत धरायचा, असं बाईंनी शिकवलं होतं. नजर जाते का ते बघत राहा, असंही सांगितलं होतं. म्हणून मी मधून मधून विचारत होते.

"हौसा, समोर काय दिसतं?"

"भात."

"कोणाचं?"

"चुलत्याचं. बांधाला नाचनी हाय."

थोड्या वेळानं पुन्हा.

"खिंड दिसती. आन दादाची बंडी फाटलीया."

पुढून भाऊ म्हणाला, "ह्या खेपंला सासरच्यास्नी सांग, जरा कमी खायाला घाला. खांदा निसटला माजा."

"गप चाल, दादा," झोळीतून हौसा म्हणाली, आणि घोंगडं हललं. ती हसत होती.

खिंड उतरल्यावर मी विचारलं तर तिनं उत्तर द्यायला वेळ लावला. मग म्हणाली, "झाडं दोन-दोन दिसत्यात, ताई." भावानं पाऊल उचललं. सगळेच भराभर चालायला लागले.

वेल्ह्याला एस.टी. उभी होती. कंडक्टरनं झोळी बघून दार अडवलं. "आजारी मानूस झोळीतनं गाडीत न्हाई घ्यायाचं. वाटंत काय झालं तर जबाबदार कोन?" मी दवाखान्याचं नाव सांगितलं, बाईंचं सांगितलं. तो ऐकेना. हौसाची आई पुढे झाली आणि दाराच्या पायरीवर मांडी घालून बसली.

"चला, न्या गाडी," ती म्हणाली. "म्या हितनं हलत न्हाई."

आतले उतारू हसले. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "घे रं. मागल्या बाकड्यावर निजवा." कंडक्टरनंच मग स्वतः मागचं बाकडं मोकळं केलं आणि विंझरपर्यंत दर वळणाला मागे वळून बघत राहिला.

विंझरला शाळेच्या पडवीत बाई पेट्या भरत होत्या. ड्रायव्हरनं जीप चालू केली होती. बाईंनी हौसाला बघितलं आणि भरलेली पेटी उघडली. दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. एरवी त्या आकडा मोठ्यानं सांगत आणि मी लिहून घेई. त्या दिवशी सांगितला नाही. "जीपमध्ये घ्या," एवढंच म्हणाल्या.

पुण्याला जाताना शिवरे लागतं. सोनाकाकूंचं दुकान सडकेवरच. मी विचारलं, निरोप देण्यापुरतं थांबायचं का? बाईंनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. दुकानात दिवा नुकताच लावला होता. गल्ल्यावर सासरे बसलेले दिसले. हौसा डोळे मिटून होती. तिच्या आईनं मान वळवून ते दुकान दिसेनासं होईपर्यंत बघितलं.

झटका आला तो दवाखान्याच्या दारात, जीपमधून उतरवताना. तिथे औषध होतं, माणसं होती. पासलीच्या घरात तो आला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पूर्ण करत नाही. हौसा वाचली. मूल दुसऱ्या दिवशी झालं. मुलगा होता, फार लहान होता, आणि राहिला नाही.

सोनाकाकू आल्या त्या थेट माझ्यासमोर. "भरल्या ओटीची पोर आमची," म्हणाल्या. "तुमी तोलली. तवाच म्या इच्यार करायला पायजे हुता." त्यांच्या ओटीनंच सूज झाकली गेली, हे मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. सांगून त्यांचं नातवंड परत येणार नव्हतं, आणि त्यांनी तो गहू कोणत्या मनानं घातला होता ते मला कळत होतं. पुढे हौसाच्या आईनं त्यांना सगळं सांगितलं, असं मी ऐकलं.

त्यानंतर आमचा एक नियम झाला. गर्भार बाई पाटावर बसायच्या आधी तिची ओटी रिकामी आहे का हे विचारायचं. बाईंनी तो एका वाक्यात सांगितला, पण मला तो पाळायला कितीतरी दिवस लागले. गर्भार बाईच्या ओटीला रिकामी हा शब्द कसा लावायचा? पहिल्या गावात मी तो लावला तर सासूनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मग मी म्हणायला लागले, "ओटीतलं जरा देवापुढे ठेवून येता?" ते चालायचं.

लोक विचारतात, शेवटी शोध काय लागला? माझ्याजवळ धड उत्तर नाही. जाड बायकांना हा रोग जास्त होतो, असं बाईंना वाटत होतं. पण खात्रीनं म्हणायची त्यांची तयारी नव्हती. पासलीसारख्या गावांत जाड बायका मिळणार किती? आणि अगदी काटकुळ्या बाईलाही आकडी आलेली मी डोळ्यांनी बघितली आहे. बाईंचं काम अजून चालू आहे. मी तेवढी बाजूला झाले.

कॉलेजात परत नाव घालायचं ठरलं, त्याच सुमारास शिवऱ्याहून एका ट्रकवाल्याबरोबर निरोप आला. हौसाला पुन्हा दिवस गेले होते आणि सोनाकाकूंनी मला काटा घेऊन बोलावलं होतं. मी दोन दिवस जायचं टाळलं. पहिल्यांदा आकडी आलेल्या बाईला दुसऱ्या खेपेलाही धोका असतो, हे मी शिकले होते, आणि त्या घरात पुन्हा काटा टांगायची मला भीती वाटत होती. ती खेप निभावली, हे आधीच सांगून टाकते. या वेळी हौसा पासलीला गेली नाही, शेवटचा महिना बाईंच्या नजरेखाली राहिली. तिची मुलगी आता दुकानातल्या गव्हाच्या ढिगात बसते आणि आजोबांना गिऱ्हाइकांशी बोलू देत नाही. पण काटा घेऊन मी शेवटी शिवऱ्याला गेले त्या दिवशी हे कोणालाच माहीत नव्हतं.

घरात गाणी नव्हती, शेजारणी नव्हत्या, काट्याला फुलं नव्हती. सोनाकाकूंनी देवापुढे हौसाची ओटी भरली, नारळ आणि गहू, पूर्वीसारखीच. मी काट्याखाली उभी होते. आता ती ठेवून यायला कोणत्या शब्दांत सांगावं, याची जुळवाजुळव करत होते.

सोनाकाकूंनी हौसाला पाटापाशी आणलं आणि थांबवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"पदर करा," त्या म्हणाल्या.

"माझा?"

"खाली ठिवायाची न्हाई वटी. देवापुढंबी नगं. तिचं वजान हुईस्तवर तुमी धरा. तुमच्याकडं असली म्हंजी तिच्याकडंच हाय."

मी दोन्ही हातांनी पदर पसरला. माझं लग्न झालेलं नाही, माझी ओटी कोणी कधी भरलेली नाही. हौसानं आपल्या ओटीतला एकेक नारळ उचलून माझ्या पदरात ठेवला, मग गहू ओंजळीनं. खांदे हलत होते तिचे. ओझं चांगलंच होतं. तिला तेव्हा रग का लागली ते कळलं.

ती पाटावर बसली. चुडा मनगटावरून सरकून कोपराकडे गेला आणि परत खाली आला. सोनाकाकूंनी ते बघितलं आणि मीही. दोऱ्या ताणल्या, काटा खाली येऊन थरथरायला लागला. दाणा सांडू नये म्हणून पदर छातीशी घट्ट धरून मी चवड्यांवर उंच झाले आणि तो थांबायची वाट बघत राहिले.